जुना लेग गार्ड गाडीला नीट कसा बसवायचा

पुण्याच्या जुन्या बाजारात, नाना पेठेतल्या एखाद्या दुकानात किंवा ओळखीतल्या कुणाच्या माळ्यावर रॉयल एनफील्ड क्लासिक 350 चा लेग गार्ड स्वस्तात मिळतो. विकणारा सांगतो, "सगळ्या बुलेटला बसतो." घरी आणून गाडीला लावून पाहिला की वरचा क्लॅम्प बसतो, खालचे एक भोक जुळते आणि दुसरे चार मिलिमीटर पुढे निघते. मग टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून गार्ड ओढला जातो, बोल्ट कसाबसा आत ठोकला जातो, आणि काम झाले असे सगळ्यांना वाटते.

काम बिघडते ते इथेच. बोल्ट हा पकडण्यासाठी असतो, ओढण्यासाठी नाही. ताण देऊन बसवलेला गार्ड चोवीस तास चेसिसला आणि इंजिन माउंटच्या पट्ट्यांना खेचत राहतो. त्यावर इंजिनाची थरथर येते. जुन्या क्लासिकमध्ये 70 मिमी बोअर आणि 90 मिमी स्ट्रोकचे एकच सिलेंडर आहे, त्यामुळे ही थरथर कमी नसते. काही हजार किलोमीटरनंतर गार्डचा कान, म्हणजे बोल्टचे भोक असलेली पट्टी, वेल्डच्या कडेला तडकतो. नशीब वाईट असेल तर चेसिसवरचा कान तडकतो. गार्ड भंगारात टाकता येतो, चेसिस टाकता येत नाही. म्हणून जी काही दुरुस्ती करायची ती गार्डमध्ये करायची. चेसिसवर कानस, ड्रिल किंवा वेल्डिंग अजिबात चालवायचे नाही.

आधी गार्ड कोणत्या गाडीचा, ते ठरवा

क्लासिक 350 नावाच्या दोन पूर्ण वेगळ्या गाड्या रस्त्यावर आहेत. 2009 साली आलेली 346 सीसीची यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनवाली, आणि सप्टेंबर 2021 मध्ये आलेली 349 सीसीची जे-सिरीज इंजिनवाली. जुनीच्या चेसिसला पुढे एकच उभी नळी असते आणि इंजिन स्वतः चेसिसचा भाग म्हणून भार घेते. नवीची चेसिस मुळातून वेगळी आहे, पुढे दोन नळ्या आहेत. जुनीचा गार्ड एका नळीभोवतीच्या क्लॅम्पसाठी बनलेला असतो. नवीला तो बसवायचा म्हणजे वरची पकड नव्याने बनवावी लागते. एवढा खटाटोप करण्यापेक्षा गार्ड बदलून घ्यावा. कास्ट आयर्न बुलेटच्या गार्डचीही तीच गोष्ट. या लेखात पुढे जे आहे ते योग्य मॉडेलचा, पण वाकलेल्या, झिजलेल्या किंवा आधीच्या मालकाने छेडलेल्या गार्डबद्दल आहे. मोजण्याची आणि जुळवण्याची पद्धत मात्र स्प्लेंडर, युनिकॉर्न, पल्सर कुठल्याही गाडीला लागू पडते.

घेताना खिशात दोन गोष्टी असू द्या: आपल्या गाडीच्या पुढच्या नळीचा व्यास आणि खालच्या माउंटिंग पट्ट्यांमधले बाहेरचे अंतर. व्हर्नियर (बारीक माप घेणारे साधन) नसेल तर नळीभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी 3.14 ने भागा. दोरा 90 मिमी भरला तर नळी साधारण 28.6 मिमीची. रंगावरून मोजलेले असल्यामुळे दशांशाचा फरक पडेल, तो चालतो.

रिकामा गार्ड तपासणे

सेकंडहँड लेग गार्ड कधी ना कधी पडलेला असतो असे धरूनच चाला. त्याचे कामच ते आहे. प्रश्न फक्त किती जोरात पडला एवढाच.

गार्ड सपाट लादीवर आडवा ठेवा. दोन्ही बाजूंचे वळण एकाच वेळी लादीला टेकले पाहिजे. एक बाजू टेकून दुसरी उचललेली राहिली तर गार्डला पीळ बसला आहे. आता डाव्या वरच्या टोकापासून उजव्या खालच्या कानापर्यंत आणि उजव्या वरच्यापासून डाव्या खालच्यापर्यंत अशी दोन तिरकी मापे घ्या. दोन्हींत 3 मिमीपर्यंत फरक असेल तर बाजारात मिळणाऱ्या गार्डच्या मानाने तो सरळच आहे. 3 ते 10 मिमी फरक सरळ करता येतो. त्याहून जास्त असेल तर घेऊ नका.

नंतर वेल्ड पाहा. कान जिथे पाइपला जोडलेला असतो ती जागा वायर ब्रशने घासून स्वच्छ करा, त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा आणि खडूची बारीक पूड भुरभुरवा. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल पुडीत ओली रेघ काढते. डोळ्यांना न दिसणारा तडा या पद्धतीने सापडतो आणि खर्च शून्य. कानाजवळचा तडा दुरुस्त होतो. वळणावर पाइप चेपून घडी पडली असेल, म्हणजे गोल पाइप लंबगोल झाला असेल, तर तो गार्ड सोडून द्या. सरळ केला तरी पुढच्या पडझडीत तिथेच दुमडेल आणि पाय त्याच्याखाली सापडेल.

शेवटी गार्ड उभा धरून हलवा. आतून गंजाचे पापुद्रे खुळखुळले तर पाइप आतून खाल्ला गेला आहे. पान्याने जागोजाग टकटक करा. निरोगी पाइप घंटेसारखा वाजतो, सडलेला बद्द आवाज देतो. कोकणातून आलेल्या गार्डमध्ये सर्वांत खालच्या वळणावर हे हमखास आढळते, कारण पाणी तिथे साचून राहते.

काय काय लागेल

12, 13, 14 आणि 17 चे रिंग पाने आणि गोट्या, गोल कानस (8 मिमी), अर्धगोल कानस, हॅक्सॉ, वाईस, व्हर्नियर, खडू किंवा मार्कर, इंजिनाखाली लावायला जॅक आणि लाकडी ठोकळा. वापरून टाकायच्या वस्तूंत 8.8 ग्रेडचे नवे बोल्ट, नवे नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट, 3 मिमी जाडीचे मोठे वॉशर, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी, निळे थ्रेडलॉकर (आटे ढिले पडू न देणारा गोंद), झिंक प्रायमर आणि काळा स्प्रे.

बोल्टच्या बाबतीत एक सापळा आहे. एम10 बोल्ट दोन प्रकारच्या आट्यांत येतो: 1.25 आणि 1.5 पिच, म्हणजे दोन आट्यांमधले मिमीतले अंतर. गाडीवर बहुतेक ठिकाणी बारीक, म्हणजे 1.25 असतो, हार्डवेअरच्या दुकानात मागितल्यावर हातात पडतो तो 1.5. तो दोनतीन फेरे जातो, मग जड लागतो, आणि त्यावर पाना लावला की आटे कायमचे जातात. गाडीचा जुना बोल्ट दुकानात नेऊन त्याचे आटे नव्याच्या आट्यांत बसवून पाहा. उजेडात धरल्यावर मध्ये फट दिसता कामा नये. बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेले नसेल तर तो मऊ समजायचा. गेट, खिडकीला तो ठीक आहे, इंजिन माउंटला नाही.

कोरडी जुळवणी

गाडी मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर हे काम करू नका, कारण तिरक्या गाडीवर डोळ्याचा अंदाज चुकतो.

आधी इंजिनाखाली ठोकळा आणि जॅक लावून नुसता टेकवा, उचलू नका. जुन्या क्लासिकमध्ये गार्डचे खालचे टोक पुढच्या इंजिन माउंटच्या बोल्टवर येते. तो बोल्ट काढला की इंजिनाचे नाक मोकळे होते आणि चेसिसही मोकळी होते, कारण इथे इंजिन हाच चेसिसचा दुवा आहे. म्हणून माउंटचे सगळे बोल्ट एकदम काढायचे नाहीत. एक काढायचा, त्या जागी लांब बोल्ट गार्डसकट घालायचा, मग दुसरा. काढलेला बोल्ट परत हाताने सहज जात नसेल तर जॅक केसभर वरखाली करा. हातोडी लागत असेल तर जॅकची उंची चुकली आहे.

सगळे बोल्ट हाताने, दोनतीन आट्यांपुरतेच लावा. आणि आता या कामातली सर्वांत उपयोगी युक्ती: तीन जागांपैकी दोन पकडायच्या आणि तिसरी पाहायची.

वरचा क्लॅम्प आणि डावा कान पकडा, उजवा किती चुकतो ते मोजा. मग क्लॅम्प आणि उजवा पकडा, डावा मोजा. शेवटी क्लॅम्प सोडून दोन्ही खालचे कान पकडा आणि क्लॅम्प नळीच्या समोर येतो का ते पाहा. तिन्ही मापे कागदावर लिहा. दोन्ही खालचे कान ताण न देता बसले आणि क्लॅम्प फक्त वरखाली चुकला, तर गार्ड सरळ आहे, क्लॅम्पच सरकवायचा आहे. क्लॅम्प डाव्या-उजव्या बाजूला चुकत असेल तर गार्डला पीळ आहे. एकच कान चुकत असेल आणि बाकी सगळे बसत असेल, तर तेवढा कानच वाकला आहे. नेमका दोष कळल्याशिवाय कानस हातात घेऊ नये. चुकीचे भोक मोठे केले की दोन दोष होतात.

क्लॅम्प ढिला किंवा घट्ट

नळी 28 मिमीची आणि क्लॅम्प 32 चा, ही नेहमीची गोष्ट. लोक सायकलची ट्यूब चारपाच वेढे गुंडाळून आवळतात. रबर दाबले जाते, आठवड्याभरात नट ढिला पडतो, गार्ड डुगडुगायला लागतो. नुसत्या रबराने पकड येत नाही. ते फक्त रंग वाचवते.

फरक 4 मिमी, म्हणजे भोवती 2 मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लागेल. तिची लांबी काढताना नळीचा व्यास आणि पट्टीची जाडी मिळवायची: 28 अधिक 2 म्हणजे 30, गुणिले 3.14, म्हणजे 94 मिमी. त्यातले 3 मिमी कमी करून 91 ला कापा, म्हणजे टोके एकमेकांवर चढणार नाहीत. रुंदी क्लॅम्पपेक्षा 4 मिमी जास्त ठेवा. पट्टी त्याच व्यासाच्या पाइपच्या तुकड्यावर, लाकडी हातोडीने गोल करा, गाडीच्या नळीवर ठोकून नव्हे. पट्टीच्या आत नळीला एक वेढा ट्यूबचा पातळ तुकडा चालतो, रंगासाठी.

क्लॅम्प आवळल्यावर त्याच्या दोन अर्ध्या भागांमध्ये दोन्ही बाजूंना सारखी, 2 ते 3 मिमी फट राहिली पाहिजे. फट संपून लोखंड लोखंडाला टेकले, तर नट कितीही आवळा, नळीवर पकड येणार नाही. एका बाजूला फट आणि दुसरी बंद असेल तर नट सारखे आवळलेले नाहीत. क्लॅम्पच छोटा असेल तर तो घासून मोठा करू नका, नवा आणा. पातळ झालेला क्लॅम्प पहिल्या खड्ड्यात उघडतो.

भोक चुकते तेव्हा

इथे घाईने सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून सविस्तर.

आधी भोक साफ करा. दोनदोन वेळा पावडर कोटिंग झालेल्या गार्डच्या भोकात रंगाचा थर इतका साचलेला असतो की सरळ गार्डही बसत नाही. गोल कानशीने रंग काढून लोखंड दिसेपर्यंत घासा आणि परत लावून पाहा. बरेचसे "न बसणारे" गार्ड इथेच बसतात.

एम8 बोल्टला भोक 9 मिमी आणि एम10 ला 11 मिमी असणे योग्य आहे. चूक 1 मिमीपर्यंत असेल तर एवढ्याने भागते.

चूक 1 ते 5 मिमी असेल तर भोक लांबट करायचे, ज्या दिशेने चुकते फक्त त्याच दिशेने. चारी बाजूंनी मोठे केलेले भोक म्हणजे बोल्टला खेळायला अंगण. घासण्याआधी मोजून घ्या की भोकाच्या नव्या कडेपासून कानाच्या कडेपर्यंत एम8 ला निदान 8 मिमी आणि एम10 ला 10 मिमी लोखंड शिल्लक राहील. कमी राहत असेल तर घासायचे नाही, कान बदलायचा.

लांबट भोक केवळ आवळण्याच्या घर्षणावर टिकते. गाडी पडली की बोल्ट त्यात सरकतो आणि गार्ड मागे येऊन पायावर आदळतो. यावर उपाय सोपा आहे, पण फार थोडे लोक करतात. गार्ड जुळवून बोल्ट आवळा, 3 मिमी जाडीच्या वॉशरभोवती मार्करने रेघ मारा, गार्ड गाडीवरून उतरवा, वॉशर त्याच रेघेवर ठेवून कानाला वेल्ड करून घ्या. आता भोक पुन्हा गोल झाले, आणि ते नेमके आपल्या गाडीच्या मापाचे झाले. वेल्ड कानाच्या ज्या बाजूला बोल्टचे डोके किंवा नट येते त्या बाहेरच्या बाजूला करा. आतली बाजू चेसिसवर सपाट बसायला हवी.

5 मिमीहून जास्त चूक म्हणजे भोकाचा प्रश्नच नाही. गार्ड वाकला आहे किंवा दुसऱ्या गाडीचा आहे.

कानांमधले अंतर

गार्डचे दोन कान चेसिसच्या पट्ट्यांना बाहेरून मिठी मारतात. समजा पट्ट्यांचे बाहेरचे अंतर 90 मिमी आणि कानांचे आतले 96. बोल्ट आवळला की कान 6 मिमी आत खेचले जातात आणि तोच ताण कायम राहतो, ज्याबद्दल सुरुवातीला सांगितले. दोन्हीकडे 3 मिमीचे वॉशर टाकले की प्रश्न मिटतो. एका बाजूला एक-दोन वॉशर चालतात. चारपाच वॉशरची चळत चालत नाही, कारण थरथरीने प्रत्येक वॉशर थोडा थोडा बसतो आणि एकूण ढिलाई मोठी होते. 5 मिमीहून मोठी फट असेल तर लेथवाल्याकडून बुश, म्हणजे जाड नळीचा तुकडा, करून घ्या: बाहेरून 20 ते 22 मिमी, आतून एम10 साठी 10.5, लांबी व्हर्नियरने मोजलेल्या फटीइतकीच. दोन्ही तोंडे चौकोनात कापायला सांगा. हॅक्सॉने कापलेल्या पाइपचे तोंड तिरके असते आणि तिरका बुश बोल्ट वाकवतो.

बुश टाकला की बोल्टही तेवढाच लांब हवा. दोन्हीकडच्या कानांची जाडी, दोन्ही बुश, वॉशर आणि मधले सगळे अंतर मिळवा. नायलॉक नटाच्या बाहेर दोन ते तीन आटे दिसले पाहिजेत. एकही दिसत नसेल तर नायलॉनने आटे धरलेच नाहीत. बोल्ट बंद भोकात जाणारा असेल तर उलटी काळजी घ्या: फार लांब बोल्ट तळाला टेकतो, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि गार्ड मात्र हलतो.

कान उलट आत आले असतील, म्हणजे अंतर 86 आणि पट्ट्या 90, तर हातोडीने ठोकून चढवू नका, चेसिसचा रंग जाऊन गंज धरेल. आट्यांची 10 मिमी सळी कानांच्या भोकांतून घाला, आतल्या बाजूला दोन नट आणि वॉशर लावा, नट बाहेरच्या दिशेने फिरवा. कान सावकाश फाकतात. लोखंड परत येते, त्यामुळे 4 मिमी हवे असतील तर 8 पर्यंत फाकवा, सोडा, मोजा, पुन्हा करा. दोन्ही कान सारखे फाकतात की एकच, ते गार्डच्या मधल्या रेषेपासून मोजा.

वाकलेला कान, पिळलेला पाइप

5 मिमी जाडीच्या पट्टीचा कान वाईसमध्ये थंडच सरळ होतो. वाईसच्या जबड्यात कान वेल्डच्या अगदी जवळ पकडा, म्हणजे वाकण्याचा ताण वेल्डवर न जाता पट्टीवर येईल. गार्ड धरून कान पिळला तर वेल्डच तुटतो. एकदा एका दिशेने वाकवून सरळ करायचा. पुढेमागे पुढेमागे केले की तारेसारखा तुटतो.

पिळलेला गार्ड सरळ करायला दोन माणसे लागतात. मधला भाग लाकडी ठोकळ्यांमध्ये वाईसमध्ये धरायचा, एका बाजूच्या पाइपवर जाड पोकळ पाइपचा दांडा अडकवून सावकाश जोर द्यायचा, सोडून लादीवर ठेवून पाहायचे. झटका द्यायचा नाही. वळण उघडायचे असेल तर पाइपमध्ये वाळू भरून दोन्ही तोंडे लाकडी खुंट्यांनी बंद करतात, म्हणजे पाइप चेपत नाही. वाळू पूर्ण कोरडी हवी, आणि वाळू भरलेला बंद पाइप तापवायचा नाही, आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होऊन खुंटी गोळीसारखी सुटते. हे काम घरी जमत नसेल तर चेसिस अलाइनमेंटवाल्याकडे द्या. त्याच्याकडे गार्डसाठी दहा मिनिटांचे काम असते.

वेल्डिंग

गार्ड गाडीवर ठेवून वेल्डिंग करायचे नाही, टाका मारायलासुद्धा नाही. करंट चेसिसमधून जातो, रेक्टिफायर जळतो, आणि 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत तर ईसीयूही (इंजिन चालवणारा संगणक) धोक्यात येते. जागेवर मार्करने खुणा करा, गार्ड उतरवा, मग वेल्ड करा.

क्रोमच्या गार्डवर वेल्डिंगआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना 25 मिमी क्रोम ग्राइंडरने पूर्ण काढा. क्रोमचा धूर विषारी असतो आणि जस्ताच्या मुलाम्याचा धूर ताप आणतो. उघड्यावर करा, वेल्डरला वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहायला सांगा. तड्यावर वरून भर चढवून उपयोग नाही: तडा ग्राइंडरने व्ही आकारात तळापर्यंत उघडायचा, त्याच्या टोकाला 3 मिमीचे भोक मारायचे म्हणजे तो पुढे पळत नाही, मग भरायचा. पाइप 2 मिमी जाडीचा असतो, त्यामुळे मिग (तारेचे वेल्डिंग) मिळाले तर उत्तम. आर्क असेल तर 2.5 मिमीची कांडी आणि कमी करंट.

पक्के बसवणे

क्रम महत्त्वाचा आहे. सगळे बोल्ट हाताने लावा. खालचे दोन्ही कान चेसिसला टेकेपर्यंत घ्या. वरचा क्लॅम्प आपोआप नळीवर जिथे बसतो तिथे बसू द्या, त्याचे दोन्ही नट अर्धा अर्धा फेरा आळीपाळीने आवळा. मग खालचे बोल्ट पक्के करा. शेवटी क्लॅम्पचा शेवटचा पीळ. आधी क्लॅम्प पक्का केला तर खालचे बोल्ट गार्डला ओढून आणतात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

8.8 ग्रेडच्या एम8 ला 20 ते 25 न्यूटन-मीटर, एम10 ला 40 ते 45. इंजिन माउंटच्या बोल्टला मात्र गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच आकडा पाळा. क्लॅम्पच्या एम8 ला 15 ते 18 पुरेसे आहे, जास्त दिले तर नळीला चट्टा पडतो. टॉर्क पाना नसेल तर सामान मोजायचा हुकवाला काटा वापरा: बोल्टच्या मध्यापासून 150 मिमीवर पान्याला अडकवा, पान्याशी काटकोनात ओढा, 15 किलो दाखवले की 22 न्यूटन-मीटर झाले. आटे कोरडे हवेत. तेल लावलेल्या आट्यांवर त्याच आकड्याला बोल्टवर जास्त ताण येतो.

नायलॉक नट प्रत्येक वेळी नवा घ्या. हाताने सहज फिरणारा नायलॉक संपलेला असतो. सायलेन्सरच्या पाइपजवळ नायलॉन मऊ पडते, तिथे स्प्रिंग वॉशर आणि थ्रेडलॉकर. लाल थ्रेडलॉकर नको, पुढे गार्ड काढायची वेळ आल्यावर बोल्ट तुटेल.

अडत तर नाही ना

हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. मडगार्ड, केबल, पुढच्या ब्रेकचा होज कुठेही घासता कामा नये. मग फोर्क पूर्ण दाबून पाहा. क्लासिकच्या पुढच्या फोर्कची चाल 130 मिमी आहे आणि चाक वर येताना मागे, गार्डकडेही सरकते. उभ्या गाडीवर तीन बोटांची फट दिसली म्हणून समाधान मानू नका. दोन माणसांनी हँडलवर भार देऊन फोर्क जितका दाबेल तितका दाबा, तिसऱ्याने फट मोजावी. पूर्ण दाबलेल्या स्थितीत चाक-मडगार्ड आणि गार्ड यांत 20 मिमी तरी राहावे. कमी राहत असेल तर क्लॅम्प नळीवर थोडा वर किंवा खाली सरकवून गार्डचा कल बदला, आणि खालची जुळवणी परत तपासा.

उजव्या पायाने ब्रेक पेडल तळापर्यंत दाबा, डाव्याने गिअर वरखाली करा, बूट घालून. चपलेत मोकळा वाटणारा पाय बुटात अडकतो. ऑइल ड्रेन बोल्ट आणि फिल्टरच्या झाकणापर्यंत पाना जातो का, तेही आताच बघा. सायलेन्सरच्या पाइपपासून 10 मिमी अंतर ठेवा, गरम झाल्यावर पाइप वाढतो. सगळ्यात शेवटी गार्ड दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. गार्ड हलता कामा नये, गाडी हलली पाहिजे.

गंज आणि रंग

घासलेली, वेल्ड केलेली प्रत्येक जागा त्याच दिवशी झिंक प्रायमरने झाका. पावसाळ्यात उघडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते. गार्डच्या सर्वांत खालच्या सरळ भागात, खालच्या बाजूने 4 मिमीचे एक भोक पाडा, म्हणजे आत गेलेले पाणी निथळेल. वळणावर भोक पाडू नका, तिथे तडा सुरू होतो. पूर्ण पावडर कोटिंग करायचे असेल तर सगळी जुळवणी आणि वेल्डिंग संपल्यावर द्या. भट्टीत 180 ते 200 अंश तापमान असते, म्हणून रबर, प्लास्टिकचे स्लायडर आधी काढा, आणि कोटिंगवाल्याला कानांच्या आतल्या बाजूवर आणि भोकांवर टेप लावायला सांगा. जाड रंगावर आवळलेला बोल्ट रंग दबला की ढिला पडतो.

पहिले पाचशे किलोमीटर

प्रत्येक नटावर आणि कानावर मिळून मार्करची एक सरळ रेघ ओढा. 100 किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. तेव्हा एकदा आणि 500 ला एकदा टॉर्क तपासा. क्लॅम्पचे नट पहिल्या वेळी थोडे फिरतातच, कारण पट्टी बसते. दुसऱ्या वेळीही फिरले तर पट्टी कमी जाडीची आहे.

आवाजावरून दोष ओळखता येतो. ठरावीक वेगालाच झणझण येते आणि वेग बदलला की जाते, तर गार्ड घट्ट आहे, पण त्याची कंपने इंजिनाशी जुळतात. गार्डवर लावलेले जड फॉग लाइट काढून किंवा क्लॅम्पजवळ सरकवून पाहा. खड्ड्यात एकच ठक्क आवाज येत असेल तर खालचे लांबट भोक सरकते आहे, वॉशर वेल्ड करायचे राहिले आहे. सतत खडखड, तीही इंजिन चालू असताना उभ्या गाडीवर, म्हणजे क्लॅम्पची फट संपली. आणि गार्ड बसवल्यावर फुटरेस्टमध्ये नव्याने थरथर जाणवू लागली, तर कुठेतरी अजून ताण आहे. एक खालचा बोल्ट सोडून पाहा. बोल्ट सोडताच कान भोकापासून बाजूला उडाला, तर कोरड्या जुळवणीपासून पुन्हा सुरुवात करा.